गाण्यांवरून कोरियन शिकताना: कोणत्या क्रमाने जायचं आणि कुठे चुकतं

शंभरेक गाणी तोंडपाठ आहेत, नाटकांतले संवाद सबटायटलशिवाय थोडेफार कळतात, पण कोरियन दुकानाची पाटी वाचता येत नाही आणि स्वतःचं एक वाक्य धड जुळवता येत नाही. के-पॉप ऐकून कोरियन शिकायला लागलेल्या बहुतेकांची गाडी इथेच अडते. त्यांची मेहनत कमी नसते, क्रम उलटा असतो. आधी रोमन लिपीतले बोल, मग इंग्रजी भाषांतर, मग पाठांतर आणि लिपी राहते 'नंतर बघू'वर. या रस्त्याने गाणं येतं, भाषा येत नाही.

खाली दिलेला क्रम मराठी शिकणाऱ्यांसाठी आहे. कोरियनची वाक्यरचना मराठीला इतकी जवळची आहे की मध्ये इंग्रजी आणणं म्हणजे सोपं काम अवघड करून घेणं. लेखात कोरियन शब्द देवनागरीत दिले आहेत ते फक्त ओळख पटावी म्हणून. उच्चार ऐकूनच घ्या.

## तयारी: सुरुवात करण्याआधी हाताशी काय हवं

१. चौकटीची वही. शाळेत गणिताला वापरतात ती. कोरियन अक्षरं एकेका चौकोनात बसतात. रेघी वहीत लिहिलं की अक्षराचे भाग सुटे पडतात आणि वाचताना घोळ होतो.

२. मोबाइलवर कोरियन कीबोर्ड. दोन्ही अंगठ्यांनी टाइप करायचा नेहमीचा प्रकार घ्या. त्यात डावीकडे व्यंजनं आणि उजवीकडे स्वर असतात. शब्दकोशात शब्द शोधायला हा लागतोच, म्हणून पहिल्याच दिवशी टाकून ठेवा.

३. शब्दकोश. नेव्हर या कोरियन संकेतस्थळाचा शब्दकोश चांगला. शब्दाचा उच्चार ऐकता येतो आणि वापराची वाक्यंही मिळतात. गूगल ट्रान्सलेट वाक्याचा अंदाज घ्यायला चालेल, शब्द शिकायला नको.

४. उजळणीची सोय. अंकीसारखं कार्डांचं अॅप घ्या किंवा कागदी कार्डं करा. दोन्ही एकदम नको.

५. रोज ४० मिनिटं. रविवारी चार तास बसून आठवडा कोरडा घालवण्यापेक्षा हे बरं. त्यातली पहिली दहा मिनिटं कायम उजळणीची.

सावधान: या टप्प्यावर वर्ग लावायचा, पुस्तक घ्यायचं, तीन अॅपं उतरवायची, असं सगळं एकदम करू नका. लिपी येईपर्यंत वरच्या गोष्टी पुरतात.

## टप्पा १: हांगुल (कोरियन लिपी), आणि तेही कानाने (१० ते १४ दिवस)

मूळ व्यंजनं १४, मूळ स्वर १०. त्यांत ५ जोडव्यंजनं आणि ११ संयुक्त स्वर मिळवले की एकूण ४० चिन्हं. 'एका तासात हांगुल' असे व्हिडिओ चिन्हं ओळखायला शिकवतात. वाचायला दोन आठवडे लागतात आणि ते द्यावेत.

स्वर आधी. उभी रेघ म्हणजे 'इ'. तिला उजवीकडे छोटी रेघ दिली की 'आ', डावीकडे दिली की 'ऑ'च्या जवळचा स्वर. आडव्या रेघेवर छोटी रेघ वर असेल तर 'ओ', खाली असेल तर 'उ'. छोट्या रेघा दोन असल्या की मागे 'य' लागतो: या, यॉ, यो, यु. नुसती आडवी रेघ हा स्वर मराठीत नाही. 'उ' म्हणायच्या तयारीत राहा, पण ओठ गोल करू नका, हसताना ताणतो तसे ताणा. या लेखात तोही 'उ' असाच लिहिला आहे, कारण देवनागरीत त्याला चिन्ह नाही.

मग व्यंजनांच्या तीन रांगा. सगळ्यात जास्त चुका इथे होतात. काटकोनासारखं एक अक्षर आहे. त्यात एक रेघ वाढवली की 'ख', तेच अक्षर दोनदा लिहिलं की आवळलेला 'क'. मराठी माणसाला 'क' आणि 'ख' हा फरक जन्मजात येतो, त्यामुळे 'ख' ची रांग फुकटात मिळते. आवळलेला 'क' मराठी 'काका'मधल्या 'क'च्या बराच जवळ आहे, थोडा दाबून म्हणायचा. अडचण साध्या काटकोनाची. तो शब्दाच्या सुरुवातीला मऊ 'क' असतो आणि दोन स्वरांच्या मध्ये आला की 'ग' होतो. रोमन लिपी इथे फसवते: 'किम' या आडनावाला 'के' लिहितात आणि आभार मानायच्या 'कामसाहाम्निदा'ला 'जी'. अक्षर दोन्हीकडे एकच.

त, प आणि च यांच्याही अशाच तीन रांगा आहेत. सरावाला हे तीन शब्द घ्या: ताल (चंद्र), त्ताल (मुलगी), थाल (मुखवटा). सोलच्या बोलीत पहिला खालच्या सुरात सुरू होतो, बाकीचे दोन वरच्या. नुसत्या श्वासावर लक्ष ठेवून फरक कळत नसेल तर सुरावर ठेवा.

सावधान, 'च'बाबत: मराठीत 'च' दोन आहेत, 'चमचा'तला आणि 'चहा'तला. कोरियनमधला नेहमी 'चहा'तला. 'ज'चंही तसंच, 'जहाज'मधला नको, 'जीव'मधला हवा. देवनागरीत 'चा' लिहून घेणारे हमखास 'चमचा'चा 'च' लावतात, आणि ती सवय पुढे जाता जात नाही.

शेवटचं व्यंजन. अक्षराच्या तळाशी बसणाऱ्या व्यंजनाला 'पाच्छिम' म्हणतात. तळाशी अक्षरं बरीच येतात, पण उच्चार सातच: क, न, त, ल, म, प आणि ङ. स, च, छ, थ, ह यांतलं काहीही तळाशी आलं तरी ऐकू येतो तो 'त'. फूल या अर्थाचा शब्द लिहिताना शेवटी 'छ' असतो, म्हणताना 'क्कोत'. आणि हा 'त' सोडायचा नसतो. जीभ दाताला लागली की तिथेच थांबायचं. शेवटचं व्यंजन मोकळं सोडायची सवय आपल्याला असते, ती मोडावी लागते.

गोल चिन्हाचं एक लक्षात ठेवा: अक्षराच्या सुरुवातीला ते मुकं, तळाशी आलं की 'ङ'.

वाचनाचा सराव नावांवर करा. कोरियन गटांच्या चाहत्यांच्या घोषणांत सदस्यांची पूर्ण नावं ओळीने येतात. बीटीएसची घोषणा घ्या: किम नामजुन, किम सॉकजिन, मिन युनगी, चॉङ होसॉक, पाक जिमिन, किम थेह्यॉङ, चॉन जॉङगुक. हांगुलमध्ये पाहिलं की रोमनमुळे किती नुकसान झालंय ते कळतं. 'पार्क' आडनावात 'र' कुठेच नाही. 'चॉन' आणि 'जॉङगुक' यांत स्वर एकच आहे, पण रोमनमध्ये एका ठिकाणी तो 'ई-ओ' आणि दुसऱ्या ठिकाणी नुसता 'यू' लिहितात. तसंच 'ली' आडनाव मुळात 'ई' आहे आणि 'चोई' म्हणजे 'छ्वे'.

तपासणी: आवडत्या गटातल्या सगळ्यांची नावं हांगुलमध्ये, रोमन न बघता, न अडखळता वाचता येतात का? आणि ऐकून लिहिता येतात का? दुसरं जमल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा २: गाणं निवडणं

आवडतं गाणं आणि शिकायला योग्य गाणं वेगळं असू शकतं. आवडीचं ऐकत राहा, अभ्यासाला मात्र असं निवडा:

- एकटा गायक किंवा गायिका, संथ लय. नाटकांतली शीर्षकगीतं आणि मंद प्रेमगीतं सगळ्यात सोयीची. आययूची संथ गाणी सुरुवातीला चांगली, तिचे शब्द स्वच्छ ऐकू येतात.
- इंग्रजी ओळी एक-तृतीयांशापेक्षा कमी. ब्लॅकपिंकच्या बऱ्याच गाण्यांची मुख्य ओळ इंग्रजीतच असते, मग शिकायला उरतं काय?
- रॅप नको. त्यात शब्दांची मोडतोड असते, कधी दक्षिणेकडची बोलीही असते. सहा महिन्यांनी घ्या.
- कोरियन लिपीतले बोल अधिकृत ठिकाणी मिळायला हवेत. मेलॉन, जिनी यांसारख्या कोरियन संगीत सेवांवर ते असतात. 'म्युझिक बँक', 'इनकिगायो' या टीव्ही कार्यक्रमांतही गाणं चालू असताना पडद्यावर बोल येतात, ते वाचनाच्या वेगासाठी उत्तम.

सावधान: व्हिडिओवर आपोआप तयार होणारी कोरियन सबटायटलं गाण्यांसाठी वापरू नका. संगीतात शब्द चुकीचे पकडले जातात आणि चुकीचा शब्द पाठ झाला की काढायला दुप्पट वेळ लागतो.

## टप्पा ३: अर्थ न बघता ऐकणं (प्रत्येक गाण्याला २ दिवस)

बोल समोर आहेत, अक्षरं येतात, तरी गाण्यात ऐकू येतं ते भलतंच. कारण कोरियन लिहिल्यासारखं म्हटलं जात नाही. अर्थाकडे वळण्याआधी हे बदल कानात बसवा.

१. जोडून म्हणणं. तळाचं व्यंजन पुढच्या मुक्या गोलावर उडी मारतं. 'साराम' (माणूस) पुढे 'इ' आला की 'सारामी'. वरचं फूल: एकटं 'क्कोत', पण पुढे 'इ' आला की झाकलेला 'छ' जागा होतो, 'क्कोछी'.

२. नाकात जाणं. तळाच्या क, त, प नंतर म किंवा न आला की ते अनुक्रमे ङ, न, म होतात. 'हाप' अधिक 'निदा' म्हणजे 'हाम्निदा'.

३. 'त' किंवा 'थ' नंतर 'इ'. एकत्र, सोबत या अर्थाचा शब्द लिहायचा 'काथ-इ', म्हणायचा 'काछी'. प्रेमगीतांत हा सतत भेटतो.

४. 'ह' गळणं. 'चोह-आ' (आवडतं, छान आहे) म्हणताना 'चोआ'.

५. न आणि ल शेजारी. दोघांचा 'ल्ल' होतो. संपर्क या अर्थाचा 'यॉन-लाक' शब्द 'यॉल्लाक' असा ऐकू येतो.

करायचं असं. बोल वहीत हाताने उतरवा, एक ओळ सोडून. गाणं ०.७५ वेगाने लावा. जिथे जोडून ऐकू येतं तिथे अक्षरांखाली कंस काढा, बाकीच्या बदलांवर टिंब द्या. मग गाणं बंद करून ओळ साध्या बोलण्यासारखी म्हणा. शेवटी गाण्याबरोबर, पूर्ण वेगात.

मधली पायरी बरेच जण गाळतात. चालीत स्वर ताणले जातात आणि सूर संगीतकार ठरवतो. नुसतं गाऊन शिकलेला माणूस बोलायला लागला की वाक्य चालीत म्हणतो, आणि समोरच्याला ते विचित्र वाटतं.

तपासणी: ओळ म्हणून मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि मूळ गाण्यानंतर लगेच ऐका. अक्षरांची संख्या जुळते का? मराठी माणसाच्या रेकॉर्डिंगमध्ये बहुतेक वेळा एखादं अक्षर जास्त निघतं, कारण तळाचं व्यंजन सुटून त्याला 'अ' लागलेला असतो.

## टप्पा ४: ओळ उलगडणं, थेट मराठीत (प्रत्येक गाण्याला ३ दिवस)

प्रत्येक ओळीखाली चार रांगा करायच्या. नमुन्यादाखल रचलेली एक ओळ घेऊ:

पहिली रांग, मूळ: पी ओनुन बामे नान नॉल गिदारिगो इस्सॉ.

दुसरी, सोडवलेली: पी / ओ-नुन / पाम-ए / ना-नुन / नॉ-रुल / किदारि-गो इस्सॉ.

तिसरी, शब्दाला शब्द: पाऊस / येणाऱ्या / रात्री-त / मी-तर / तू-ला / वाट बघ-त आहे.

चौथी, बोलण्यातली मराठी: पावसाच्या रात्री मी तुझी वाट बघतोय.

तिसरी रांग बघा. शब्द एकही जागचा हलवावा लागला नाही. पाऊस दोन्ही भाषांत 'येतो'. 'येणाऱ्या रात्री' ही रचनाही तशीच, कर्म आधी आणि क्रियापद शेवटी. हीच ओळ इंग्रजीतून समजून घ्यायला गेलात तर शेवटून सुरुवात करावी लागते. फरक पडला तो एका जागी: वाट आपण 'तुझी' बघतो, कोरियन माणूस 'तुला' बघतो. असा फरक सापडला की लाल पेनाने खूण करा, शिकायचं तेवढंच असतं.

दुसरी रांग का गाळायची नाही? गाण्यांत शब्द आखडलेले असतात आणि शब्दकोशात आखडलेलं रूप नीट सापडत नाही. ही यादी वहीच्या पहिल्या पानावर लिहा:

- ना-नुन → नान (मी तर), नॉ-नुन → नॉन (तू तर)
- ना-रुल → नाल (मला), नॉ-रुल → नॉल (तुला)
- कॉसी → के, कॉसुल → कॉल, कॉसुन → कॉन (ती गोष्ट, त्या गोष्टीला, ती गोष्ट तर)
- 'माझं' आणि 'तुझं' लिहिताना वेगवेगळे स्वर, पण आजच्या बोलण्यात दोन्ही 'ने' असेच ऐकू येतात. म्हणून 'तुझं' आणि 'तू' यांचा उच्चार मुद्दाम 'नी' करतात. बोलात 'ने' लिहिलंय आणि गायिका 'नी' म्हणतेय, ही चूक नव्हे.

क्रियापद शोधताना. शब्दकोशातलं रूप 'दा'ने संपतं. गाण्यातलं 'चोआ' हे 'चोथा' (ह अधिक दा) या रूपाखाली मिळेल. काही क्रियापदं रूप बदलतात: 'मोल्ला' (माहीत नाही) शोधायचं 'मोरुदा' खाली, 'छुवॉ' (थंडी वाजते) शोधायचं 'छुप्ता' खाली. 'तुरॉ' दिसलं तर ते 'ऐकणं' असू शकतं किंवा 'उचलणं, आत शिरणं'ही. संदर्भ बघा.

मराठीशी जुळणाऱ्या जोड्या. या पाठ करायची गरज नाही, एकदा दिसल्या की बसतात:

- हे ब्वा: करून बघ
- हे ज्वॉ: करून दे (ना)
- हे बॉऱ्यॉस्सॉ: करून टाकलं
- हागो इस्सॉ: करत आहे
- काल्का?: जाऊ का? (जाऊ या का?)
- काजी मा: जाऊ नको
- काजा: चल, जाऊ या

वाक्याच्या शेपटाचे बारकावेही मराठीत पकडता येतात. 'पीगा ओने' म्हणजे 'पाऊस आला की!'. 'हाल्के' म्हणजे 'करते हं मी', समोरच्याला दिलेला शब्द. 'हाल कॉया' म्हणजे नुसतं 'करणार आहे'. इंग्रजी सबटायटलांत दोन्हीचं एकच भाषांतर होतं, आणि गाण्यातला रुसवा किंवा वचन तिथेच हरवतं.

मराठी जिथे फसवते. चार जागा सांभाळा.

एक, 'त'. आपण 'शाळेत जाते' आणि 'शाळेत शिकते' दोन्हीकडे 'त' लावतो. कोरियनमध्ये जाण्याला आणि असण्याला 'ए' (हाक्क्यो-ए का), तिथे काही करण्याला 'एसॉ' (हाक्क्यो-एसॉ कोंगबुहे). मराठी विद्यार्थ्यांची ही नंबर एकची चूक.

दोन, 'ला'. आपण 'भात खाते' म्हणतो, 'भाताला खाते' नाही. कोरियनमध्ये निर्जीव कर्मालाही 'उल' किंवा 'रुल' लागतो. बोलताना तो गळतो, लिहिताना गाळू नका.

तीन, नकार. आपलं 'नाही' मागून येतं, कोरियन 'आन' क्रियापदाच्या आधी: 'आन गा'. 'काजी आना' हे लांब रूप मात्र 'जात नाही'च्या क्रमाने येतं. गाण्यांत दोन्ही भेटतात.

चार, लिंग. कोरियन क्रियापदावरून तो की ती कळत नाही, मी की तू हेही कळत नाही, आणि सर्वनाम बऱ्याचदा गाळलेलं असतं. भाषांतरकार अंदाजाने भरतो. म्हणून तिसऱ्या रांगेत जिथे सर्वनाम नाही तिथे रिकामी जागाच ठेवा, चौथीत काय ते ठरवा.

तपासणी: पहिल्या तीन रांगा झाकून, नुसती चौथी रांग बघून मूळ ओळ लिहिता येते का? गाणं मनात वाजवून लिहिलं तर ते पाठांतर झालं. शब्दांचा क्रम सांगता आला तर ती समज.

एका गाण्यातून १२ ते १५ नवे शब्दच कार्डांवर घ्या. कार्डावर सुटा शब्द नको, पूर्ण ओळ लिहा आणि शब्दाखाली रेघ द्या. मागच्या बाजूला मराठी.

## टप्पा ५: गाण्यातली भाषा बोलण्यालायक करणं

इथे घाई केली तर अपमान होतो, तोही समोरच्याचा. गाणी बहुतेक 'पान्माल'मध्ये असतात, म्हणजे आपल्या 'अरे-तुरे'त. गाण्यातलं वाक्य जसंच्या तसं अनोळखी माणसाला, शिक्षकांना किंवा वयाने मोठ्या मित्राला म्हणणं म्हणजे नव्या साहेबांना 'ए, तू बस' म्हणण्यासारखं.

म्हणून प्रत्येक उलगडलेली ओळ 'यो'च्या, म्हणजे आदराच्या भाषेत बदलून लिहायची. क्रम असा:

१. शेवट बघा. 'आ', 'ऑ', 'हे', 'ने', 'के' अशा शेवटाला बहुधा नुसतं 'यो' लावून भागतं: किदारिगो इस्सॉ → किदारिगो इस्सॉयो.

२. 'या' ने संपणाऱ्या 'आहे'ला वेगळं रूप: सारांगिया (प्रेम आहे) → सारांगियेयो.

३. 'जा', 'नी', 'रा' या शेवटांना 'यो' चिकटत नाही. 'काजा' ला 'काजायो' करू नका, 'काल्कायो?' म्हणा. 'म्वॉ हानी?' (काय करतोस?) चं 'म्वॉ हेयो?'.

४. 'ना' चा 'चॉ' करा, 'नेगा' (मी) चा 'चेगा', 'ने' (माझं) चा 'चे'.

५. 'नॉ' काढून टाका. त्या जागी नाव अधिक 'शी', किंवा पद अधिक 'निम': शिक्षकांना 'सॉन्सेंगनिम'. आपणही मोठ्यांना 'सर', 'काकू' म्हणूनच हाक मारतो, तसंच. गाण्यांत दिसणारे 'कुदे' आणि 'तांगशिन' हे 'आपण'चे पर्याय समजू नका. पहिला कवितेतला, दुसरा नवरा-बायकोत किंवा भांडणात.

नात्याच्या हाका. 'ओप्पा' मुलीने वयाने मोठ्या मुलाला म्हणायचं. मुलगा मोठ्या मुलाला 'ह्यॉङ' म्हणतो. मोठ्या मुलीला मुलीने 'ऑन्नी', मुलाने 'नुना'. मुलगे चाहते कौतुकाने 'ओप्पा' लिहितात तेव्हा कोरियन वाचणारे हसतात. आणि ओळख नसलेल्या माणसाला, तो वयाने मोठा असला तरी, यातलं काहीच म्हणू नका.

'यो' स्थिरावलं की एक पायरी वर, 'म्निदा'ची भाषा. कोरियन गट मंचावर ओळख करून देतात ती हीच. पुण्याजवळ रांजणगावला एलजीचा कारखाना आहे, तळेगावचा कारखाना ह्युंदाईने घेतला आहे. अशा ठिकाणी दुभाषी म्हणून मुलाखतीला जायचं असेल तर स्वतःची ओळख 'म्निदा'त सांगता यायला हवी, गाण्यातलं कोरियन तिथे ऐकवू नका.

तपासणी: एका कडव्याची 'यो' आवृत्ती सलग म्हणा. ती चालीत बसणार नाही, आणि बसू नयेच.

## टप्पा ६: गाण्यांत जे नाही ते भरून काढणं

दहा-बारा गाणी झाली की चंद्र, तारे, अश्रू, स्वप्न, वारा, आठवण हे सगळं येतं; तिकीट काढता येत नाही. संख्या, वेळ, पैसे, दिशा, वस्तू मोजायचे शब्द गाण्यांत फारसे नसतात. ते वेगळे शिका.

संख्या दोन प्रकारच्या. एक देशी, एक चिनी वळणाची. तास देशी संख्येत, मिनिटं चिनी वळणाच्या. साडेतीन म्हणजे 'से शी साम्शिप पुन': 'से' देशी तीन, 'साम्शिप' चिनी वळणाचे तीस. वय बोलताना देशी. तारीख, पैसे, फोन नंबर चिनी वळणाचे.

मोठ्या संख्यांचा गठ्ठा १०,००० चा, त्याला 'मान' म्हणतात. एक लाख म्हणजे दहा मान, एक कोटी म्हणजे हजार मान. पुढचा गठ्ठा 'ऑक', म्हणजे दहा कोटी. व्हिडिओला एक अब्ज व्ह्यूज झाले की ते दहा ऑक. मिलियनमध्ये नेऊन परत आणू नका, सरळ लाख-कोटीतून मान-ऑकमध्ये जा.

ऐकून लिहिणं. कलाकारांच्या थेट प्रक्षेपणातला ३० सेकंदांचा तुकडा घ्या. तिथे चाहत्यांशी 'यो'मध्ये बोललं जातं, म्हणजे तुम्हाला हवी तीच भाषा. तीनदा ऐका, मग लिहा, मग कोरियन सबटायटलांशी ताडून बघा. चुका तीन ढिगांत टाका: शब्दच माहीत नव्हता, शब्द माहीत होता पण जोडून म्हटल्यामुळे ओळखला नाही, प्रत्यय हुकला. दुसरा ढीग मोठा असेल तर टप्पा ३ वर परत जा. नवे शब्द शिकून तो कमी होत नाही.

तोपिक, म्हणजे कोरियन किती येतं ते तपासणारी अधिकृत परीक्षा. पहिल्या पेपरात स्तर १ आणि २ येतात: ऐकण्याचे ३० प्रश्न ४० मिनिटांत, वाचनाचे ४० प्रश्न ६० मिनिटांत, एकूण २०० गुण. ८० गुणांना स्तर १, १४० गुणांना स्तर २. लेखन नाही. स्तर १ ला सुमारे ८०० शब्द धरतात, स्तर २ ला १५०० ते २०००. निकाल दोन वर्षं ग्राह्य असतो, त्यामुळे नोकरी किंवा शिष्यवृत्तीसाठी हवा असेल तर वेळ बघून बसा. जुन्या प्रश्नपत्रिका अधिकृत संकेतस्थळावर मिळतात. गाण्यांवरून आलेल्यांचे ऐकण्यात गुण बरे पडतात आणि वाचनात सूचनाफलक, वेळापत्रक, जाहिरात असल्या प्रश्नांवर जातात.

## अडलं तर

शब्द आठवतो, पण गाण्याची ओळ म्हटल्याशिवाय नाही. त्याच शब्दाची दोन वाक्यं शब्दकोशातून घेऊन कार्डावर वाढवा आणि गाण्याची ओळ काढून टाका.

महिना झाला, तरी रोमनकडे डोळा जातो. रोमन बोल दाखवणारे व्हिडिओ यादीतून काढा. सोबत असले की डोळा सोपं तेच वाचतो, इच्छाशक्तीने हे थांबत नाही.

मऊ आणि आवळलेलं व्यंजन ऐकून वेगळं कळतच नाही. ताल, त्ताल, थाल ही तिन्ही रेकॉर्डिंग शब्दकोशातून काढून उलटसुलट क्रमाने लावा आणि न बघता ओळखा. दहापैकी आठ बरोबर येईपर्यंत रोज पाच मिनिटं. मग हेच प आणि च वर.

गाण्याचा कंटाळा आला. एका गाण्याला सहा दिवसांपेक्षा जास्त देऊ नका. उरलेल्या ओळी अर्धवट राहिल्या तरी चालेल. सातव्या दिवशी फक्त आधीच्या गाण्यांची कार्डं करा, आणि नवं गाणं सोमवारी.